लोकप्रतिनिधीचा शब्द आणि त्याचे मत

अकोटच्या बाजारात कापसाची गाडी येऊन उभी राहिली की घेणारा माणूस वरचा कापूस पाहून भाव सांगत नाही. तो बाही वर सरकवतो, कोपरापर्यंत हात गाडीत घालतो आणि तळातला मूठभर कापूस बाहेर काढतो. कापूस ओला आहे का, त्यात कवडी किती आहे, धागा किती लांब निघतो, हे चिमटीत धरून पाहतो आणि मगच तोंड उघडतो. गाडीवाल्यालाही याचा राग येत नाही. तळातला कापूस पाहणे हा घेणाऱ्याचा हक्कच आहे, हे त्याला ठाऊक असते.

आता असे पाहा. आपण पाच वर्षांतून एकदा आपला एक माणूस दिल्लीला पाठवतो. आपल्या वतीने कायदे करण्याचा, कर बसवण्याचा, देशाची घटनासुद्धा दुरुस्त करण्याचा अधिकार आपण त्याच्या हाती देतो. तो देताना आपण किती खोल हात घालतो? माणूस भला आहे, आपल्याकडचा आहे, लग्नाला येतो, तेरवीला येतो, फोन केला तर उचलतो, इतके आपण पाहतो. हे सगळे चांगलेच आहे. पण हा वरचा कापूस झाला. सभागृहात तो काय बोलला, कोणत्या कायद्याला त्याने होकार दिला, कोणत्या वेळी तो गप्प बसला, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी काढून पाहिले आहे? मी राज्यशास्त्राचा अध्यापक. पण खरे सांगायचे तर बरीच वर्षे मीही पाहिले नव्हते. ज्या माणसाला मी लहानपणापासून पूज्य मानीत आलो, त्याच्या बाबतीतसुद्धा नाही.

तो माणूस म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख. आपल्या वऱ्हाडात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. माझे आजोबा सातपुड्याच्या पायथ्याशी थोडी कोरडवाहू जमीन कसणारे. आमच्या घरात देवांच्या तसबिरींच्या ओळीत भाऊसाहेबांची एक तसबीर होती. आजोबांना अक्षरओळख नव्हती. मी एम.ए. झालो तेव्हा ते मला त्या तसबिरीपुढे घेऊन गेले आणि एवढेच म्हणाले, "ह्या माणसाच्या पुण्याईनं आपलं पोट्टं शिकलं. पाया पड." मी पाया पडलो. आजही त्याचा मला संकोच वाटत नाही.

आजोबांचे म्हणणे खोटे नव्हते. भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. तिथून निघालेला हा मुलगा विलायतेला गेला, बॅरिस्टर झाला, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून त्याने ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि परत वऱ्हाडातच आला. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवतील असे श्रद्धानंद छात्रालय त्यांनी उभे केले, आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. तिच्या शाळा-महाविद्यालयांत वऱ्हाडाच्या पिढ्यान्पिढ्या शिकल्या. अकोटही त्याला अपवाद नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना १९३२ साली त्यांनी देवस्थानांच्या संपत्तीचे विधेयक आणले, आणि १९३३ चा कर्जलवाद कायदा होण्यामागेही त्यांची खटपट होती. पुढे ते घटना समितीचे सभासद झाले, १९५२, १९५७ आणि १९६२ असे तीन वेळा अमरावतीकडून लोकसभेवर गेले, आणि १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे केंद्रात मंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी ते वारले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.

हे चरित्र आपल्याला पाठ आहे. दरवर्षी २७ डिसेंबरला आपण ते पुन्हा म्हणतो. मी ज्या गोष्टीबद्दल सांगणार आहे, ती अशाच एका जयंतीच्या वेळची.

जयंतीनिमित्त विद्यार्थ्यांचे एक भित्तिपत्रक निघते. नेहमीची चार चित्रे आणि चार सुविचार यांऐवजी या वेळी भाऊसाहेबांचे स्वतःचे शब्द लावावेत, असे माझ्या मनात आले. घटना समितीतील चर्चेचे खंड छापलेले आहेत, आता ते संगणकावरही वाचायला मिळतात. मी सात-आठ विद्यार्थ्यांना पाने वाटून दिली आणि सांगितले, "भाऊसाहेब जिथे जिथे बोलले आहेत, ते शोधा. इंग्रजी अडले तर माझ्याकडे या."

चार दिवसांनी एक विद्यार्थिनी आली. ती सतरंज्या विणणाऱ्यांच्या घरातली, मुसलमान. वर्गात फार न बोलणारी, पण वाचनात पक्की. तिच्या हाती ऑगस्ट १९४९ ची पाने आली होती. तिने वहीत एक उतारा उतरवून आणला होता. मला वाटले, इंग्रजी अडले असेल. ती म्हणाली, "समजलं सर. पण यात आमचं नाव नाही." थोडे थांबून तिने विचारले, "हे भित्तिपत्रकात लावायचं का?"

मला उत्तर देता आले नाही. "ठेव, मी वाचतो," एवढेच म्हणालो. त्या रात्री मी ती पाने पहिल्यांदा पूर्ण वाचली. आज जे सांगतो आहे, ते तिला तेव्हा द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

प्रसंग नागरिकत्वाच्या कलमाचा. फाळणी होऊन दोनच वर्षे झाली होती. लाखो माणसे सीमेच्या दोन्ही बाजूंनी घर सोडून आलेली होती. या देशाचा नागरिक कोण, हे ठरवणारे कलम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीपुढे ठेवले. ज्याचे वास्तव्याचे घर भारतात आहे आणि जो भारतात जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक तरी भारतात जन्मला, किंवा जो घटना लागू होण्यापूर्वी निदान पाच वर्षे इथे राहिला, तो नागरिक, असा त्याचा साधारण आशय होता. बाबासाहेबांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले होते की हे कलम घटना सुरू होण्याच्या क्षणापुरते आहे, कायमचा कायदा पुढे संसद करील.

भाऊसाहेब उठले आणि त्यांनी या मसुद्याला कडाडून विरोध केला. अशाने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होऊन बसेल, असे ते म्हणाले. प्रवासात असलेले एखादे परदेशी जोडपे मुंबईला थोडा वेळ थांबले आणि तिथे त्या बाईला मूल झाले, तर तेवढ्यावरून ते मूल भारताचे नागरिक होणार काय, असा त्यांचा प्रश्न होता. परदेशात वर्षानुवर्षे राबणाऱ्या हिंदी लोकांना तिथे नागरिकत्वासाठी किती झगडावे लागते, याकडेही त्यांनी बोट दाखवले. हा झाला एक मुद्दा.

दुसरा मुद्दा त्यांच्या दुरुस्तीत होता. या दुरुस्तीचे दोन भाग होते. पहिला भाग असा की, भारतात राहणारा आणि भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेला, किंवा रीतसर कायद्याने नागरिकत्व मिळवलेला प्रत्येक माणूस नागरिक होय. दुसरा भाग असा की, जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी त्याला भारताचे नागरिकत्व मिळण्याचा हक्क असावा. मुसलमानांनी पाकिस्तान मागून घेतले, मग हिंदूंना आणि शिखांना आपले म्हणायला या देशाखेरीज कोणते घर उरले, अशी त्यांची मांडणी होती.

माझ्या विद्यार्थिनीने उतरवलेला उतारा या दुसऱ्या भागाचा होता.

वाचकहो, इथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, त्या मुलीचे पणजोबा-पणजी या दुरुस्तीने परके ठरत नव्हते. ती माणसे अकोटात राहणारी, इथल्याच आईबापांची. पहिल्या भागात ती आपोआप येत होती, आणि त्या भागात कोणत्याही धर्माचे नाव नाही. ही गोष्ट उताऱ्यात नव्हती, कारण उतारा अर्धा होता. अर्धा उतारा माणसाला विनाकारण घाबरवू शकतो, तसाच तो विनाकारण फुगवूही शकतो. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. बाहेर असलेल्या माणसांसाठी जे दार भाऊसाहेब उघडू पाहत होते, त्यावर दोन धर्मांची नावे लिहिलेली होती आणि बाकीच्यांची नव्हती. ज्यांचे नाव नाही त्यांना ते टोचणार. मुलीचे म्हणणे तिच्या जागी बरोबर होते. भाऊसाहेबांवरच्या प्रेमापोटी मी ते नाकारले असते, तर तो अध्यापकाचा धर्म झाला नसता.

आणि हे बोलणारी ती पहिली नव्हती. त्याच सभागृहात आर. के. सिधवा या सभासदांनी हाच आक्षेप घेतला. सिधवा पारशी, आणि मौज अशी की तेही आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले. हिंदू आणि शीख एवढीच नावे घेतली तर पारशी, ख्रिस्ती यांनी काय समजावे? त्यापेक्षा कोणत्याच जमातीचे नाव घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १२ ऑगस्टला पंडित नेहरू बोलले. एक नियम हिंदूंना, एक मुसलमानांना, एक ख्रिस्त्यांना असे करता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मग मते घेतली गेली. भाऊसाहेबांची दुरुस्ती फेटाळली गेली.

म्हणजे पाहा, एकाच प्रांतातून गेलेले दोन सभासद, दोघेही देशभक्त, एकाच दारापाशी उभे राहून उलटसुलट बोलतात. त्यांच्यात वैर नव्हते. दोघांचेही शब्द आज छापील पानावर शेजारी शेजारी आहेत. संसदीय कारभाराची खरी श्रीमंती ती हीच.

फेटाळलेल्या सूचनेचे पुढे काय होते? आपल्याला वाटते, पडली की संपली. तसे नसते. १९५५ साली संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला आणि थोडे अपवाद सोडता, २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेला प्रत्येक जण नागरिक, असे ठरवले. भाऊसाहेबांना जे नको होते नेमके तेच. त्या वेळी ते स्वतः मंत्री होते! पुढे १९८६ साली कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून नुसता जन्म पुरेनासा झाला, आईबापांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून तर दुसरा पालक बेकायदा आलेला नसावा, अशीही अट आली. मुंबईत थोडा वेळ थांबलेल्या जोडप्याचा जो दाखला भाऊसाहेबांनी दिला होता, त्याचे उत्तर अडतीस वर्षांनी कायद्याने दिले. आणि धर्माच्या नावाचा प्रश्न? तो २०१९ साली पुन्हा लोकसभेपुढे आला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी नागरिकत्वाची वाट सोपी करणारे ते विधेयक. ९ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत त्याच्या बाजूने ३११ आणि विरुद्ध ८० मते पडली. सत्तर वर्षांपूर्वीचे जवळजवळ सगळे युक्तिवाद त्या दिवशी दोन्ही बाजूंनी नव्याने ऐकू आले. ते बरोबर की चूक, हे मी इथे ठरवून देणार नाही. आपापल्या विवेकाने प्रत्येकाने ठरवावे. माझे म्हणणे एवढेच की, त्या दिवशी आपल्या प्रतिनिधीने कोणते मत दिले, हे छापलेले आहे, आणि ते ठाऊक असल्याशिवाय त्याच्याविषयी आपले मत बनवणे म्हणजे वरचा कापूस पाहून भाव देणे होय.

आता हे मत कसे नोंदले जाते, ते थोडे सांगतो. कारण इथे पुष्कळांची फसगत होते. सभागृहात प्रश्न मताला टाकला की आधी आवाजी मत घेतात. होकाराचे सभासद एकदम 'होय' म्हणतात, नकाराचे 'नाही' म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष सांगतात. यात कोण काय म्हणाले, हे कुठेच लिहिले जात नाही. कुणी सभासदाने हरकत घेतली तर मतविभागणी होते. घंटा वाजते, दारे बंद होतात आणि प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदले जाते. लोकसभेत १९५७ पासून त्यासाठी यंत्र आहे. त्यापूर्वी सभासदांना दोन वेगवेगळ्या दालनांतून जावे लागे. घटनादुरुस्तीला मात्र हजर असून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश आणि शिवाय एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, म्हणून तिथे विभागणी ठरलेलीच.

आवाजी मतात कधी कधी कसा गोंधळ होतो, याचाही एक दाखला आपल्याच प्रांतातला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये, काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशी दुरुस्ती मांडली होती की नागरिकाच्या घराची आणि कागदपत्रांची विनाकारण झडती घेता येऊ नये. खुद्द आंबेडकरांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली होती. पण मताच्या वेळी गडबड झाली, मतदान पुढे ढकलले गेले आणि अखेर ती फेटाळली गेली. कोणी ती पाडली हे नावानिशी आज आपल्याला दाखवता येणार नाही. म्हणूनच म्हणतो, मतांची नोंद जिथे आहे तिथे ती पाहावी, आणि जिथे नाही तिथे माणसाचे बोलणे आणि त्याने मांडलेल्या दुरुस्त्या पाहाव्यात. भाऊसाहेबांची ती दुरुस्ती म्हणजे त्यांच्या हातचा लेखच आहे. "मला असे म्हणायचे नव्हते," असे तिच्याबाबतीत कोणालाही म्हणता येणार नाही.

नोंद वाचताना दुसरी एक सावधगिरी लागते. नुसत्या एका पानावरून माणूस तोलू नये. भाऊसाहेबांचे ऑगस्ट १९४७ मधले भाषण घ्या. अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयीच्या अहवालावर चर्चा चालू होती. 'अल्पसंख्य' या शब्दाइतका घातकी शब्द भारताच्या राजकारणात दुसरा नाही, अशा अर्थाचे अतिशय कठोर बोल त्यांनी काढले. ते वाचून कुणाचाही भुवया चढतील. पण पुढे वाचत गेलो की त्यांचा राग कुठून आला ते कळते. वाट्यांच्या भांडणात ज्यांच्याकडे कुणी पाहिले नाही, ती खेड्यातली अशिक्षित, राबणारी बहुसंख्य जनता त्यांच्या डोळ्यांपुढे होती. तिच्या मुलाला शाळा नाही, सरकारी कचेरीत जागा नाही, ही ती चीड. पुढे ते मागासवर्गांच्या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष झाले. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापला. १९५९-६० साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, ते शेतकऱ्याने जग पाहावे म्हणून. अंबादेवीच्या पायऱ्यांवर अस्पृश्यांसाठी उभा राहणारा, सगळ्या जातींची मुले एका छताखाली झोपवणारा हाच माणूस. ही पाने एकमेकांना खोडत नाहीत, आणि एकमेकांना झाकतही नाहीत. ती एकत्र वाचायची असतात. मला स्वतःला भाऊसाहेबांचे शेतकऱ्याविषयीचे, शिक्षणाविषयीचे मत पूर्ण पटते. नागरिकत्वाच्या दारावर धर्माचे नाव लिहिण्याचे त्यांचे मत पटत नाही. तिथे मी सिधवांच्या बाजूने आहे. तसबीर मात्र घरात जिथे होती तिथेच आहे.

भाऊसाहेबांच्या नोंदीत दहा वर्षांचा एक मुका भागही आहे. १९५२ ते १९६२ या काळात सरकारच्या धोरणाविरुद्ध दिलेले त्यांचे मत शोधायला जाणे व्यर्थ आहे. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीतीने जबाबदार असते, असे घटनेचे ७५ वे कलम सांगते. मंत्र्याला पटले नाही तर त्याने आत भांडावे, आणि नाहीच जमले तर राजीनामा द्यावा. म्हणून मंत्र्याचे मत मोजण्यात अर्थ नसतो. त्याने काय करून दाखवले ते पाहावे लागते. भातलागवडीच्या जपानी पद्धतीचा त्यांनी देशभर केलेला प्रचार, हे त्या काळातले त्यांचे खरे मतदान.

साध्या सभासदाची गोष्ट पूर्वी वेगळी होती. आपल्याच वऱ्हाडचे, वणीचे लोकनायक बापूजी अणे पाहा. १९३४ साली जातीय निवाड्यावर काँग्रेसने धड होकार नाही, धड नकार नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा मालवीयजींबरोबर त्यांनी वेगळा पक्ष काढला. १९६२ साली ऐंशी वर्षांच्या उंबरठ्यापलीकडचे बापूजी नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. आज हे अवघड आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्या सभासदाची जागा जाऊ शकते. पैशासाठी पक्ष बदलणाऱ्यांना आळा घालायला हा कायदा आला, हे खरे. पण त्याने प्रामाणिक मतभेदाचाही आवाज बारीक केला. तेव्हा आजच्या खासदाराचे मत वाचताना ते त्याचे की पक्षाचे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी त्याने स्वतः होऊन विचारलेले प्रश्न पाहावेत, त्याची भाषणे पाहावीत. तिथे पक्षाचा आदेश फारसा आडवा येत नाही. कापसाच्या भावावर, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यावर, आपल्या रेल्वेवर त्याने काही विचारले का? विचारले असेल तर ते छापलेले आहे. नसेल, तर ते रिकामे पानही पुष्कळ बोलते.

आणि वाचकहो, नोंद फक्त प्रतिनिधीचीच असते असे नाही, मतदारांचीही असते. १९६२ साली भाऊसाहेब तिसऱ्यांदा अमरावतीहून निवडून आले, त्याच वर्षी शेजारच्या अकोला मतदारसंघाने मोहम्मद मोहिब्बुल हक यांना लोकसभेवर पाठवले. पुढे १९६७ आणि १९७१ साली त्याच अकोल्याने के. एम. असगर हुसेन यांना निवडले. ज्या वऱ्हाडी शेतकऱ्याने भाऊसाहेबांची तसबीर घरात लावली, त्याच शेतकऱ्याने ही मतेही दिली. १९४९ साली सभागृहात जो प्रश्न उपस्थित झाला होता, त्याचे एक उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांनी मतपेटीत टाकून ठेवले आहे. त्यासाठी त्यांनी भाषण केले नाही.

आता त्या भित्तिपत्रकाचे काय झाले, ते सांगून संपवतो. दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. एकदोघांचे म्हणणे पडले, "जयंतीच्या दिवशी हे कशाला? चांगलं तेवढं लावू." त्यात वाईट हेतू नव्हता. पण मला राहून राहून वाटत होते की, ज्याने आम्हाला वाचायला शिकवले त्याचेच पान आम्ही वाचायचे टाळावे, हा त्याचा मान नव्हे. मी त्या विद्यार्थिनीलाच विचारले, "तू सांग, काय करायचं?" तिने पूर्ण दुरुस्ती, दोन्ही भागांसह, मराठीत लिहून आणली होती. म्हणाली, "लावू सर. पण सिधवांचं पण लावू. आणि खाली निकाल लिहू."

तसेच केले. वर मध्यभागी अंबादेवीचा सत्याग्रह, एका बाजूला शेतकऱ्याविषयीचे भाऊसाहेबांचे विचार, दुसऱ्या बाजूला ऑगस्ट १९४९ चे पान, शेजारी सिधवांचे म्हणणे, आणि खाली तिच्या वळणदार अक्षरात तारीख आणि निकाल. मुले थांबून वाचत होती. दोघे-तिघे तिथेच वाद घालू लागले. भाऊसाहेबांच्या तसबिरीला हार त्याच मुलीने घातला.

वाचकहो, पुढच्या वेळी मत मागायला कुणी आपल्या दारी आले, तर पाणी अवश्य द्यावे, चहाही द्यावा. आणि मग शांतपणे विचारावे, "भाऊ, गेल्या पाच वर्षांत तुम्ही तिथं काय बोलले? कशाला हो म्हटलं, कशाला नाही?" विचारण्यापूर्वी आपणही दोन पाने वाचून ठेवावीत. विचारल्याचा खऱ्या प्रतिनिधीला राग येणार नाही. ज्याच्या गाडीत तळापर्यंत चांगला कापूस असतो, तो गाडीवाला स्वतःच म्हणतो, "घाला हात, पाहा."